घट कुणाच्या नावावर

आमच्या सूसच्या सोसायटीचा दिवाळी अंक काढणारे काका बँकेतून निवृत्त झालेत. गणपतीत त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि म्हणाले, "मॅडम, यंदा तुमच्या कामाबद्दल लिहा. पण सगळ्यांना कळेल असं लिहा बरं का." त्यांच्या त्या 'पण'चा मला रागच आला. मला राग येतोही लवकर. मग घरी येऊन विचार केला, काका चुकलेत कुठे? वीसेक वर्षं मी हे काम करते आहे आणि बार्शीला माझ्या सख्ख्या भावाला विचारा, ताई काय करते, तर तो सांगेल, "कंपन्यांचे आकडे रंगवून देते." एकदा सासूबाईंनी शेजारणीचा बिघडलेला प्रिंटर उचलून माझ्यापुढे आणून ठेवला होता. तेव्हा आधी काम सांगते.

धंदा कुठलाही असो, त्यात दिवसभर नोंदी होत असतात. किती माल आला, किती गेला, कुणी घेतला, कुठे पोचला. या नोंदी एका जागी नसतात. काही वजनकाट्याच्या मशिनमध्ये, काही गाडीच्या ट्रॅकरमध्ये, काही ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर. मालकाला त्यातलं काहीही नको असतं. त्याला सकाळी चहाबरोबर एक पान हवं असतं, ज्यावरून कळेल की आपलं कसं चाललंय. ते पान म्हणजे रिपोर्ट, आणि ते बनवून देणारी मी.

ऐकायला सोपं वाटतं. पण आकडा कधी एकटा नसतो, त्याला बाजू असतात. समजा, दूध. इतके इतके लिटर, हा आकडा झाला. पण कुठल्या गावचं? कुठल्या महिन्यातलं? गाईचं की म्हशीचं? मापून घेतलं कुणी? यातली एकेक म्हणजे एकेक बाजू. आमच्यात तिला डायमेन्शन म्हणतात आणि या बाजू जुळवून जो ठोकळा उभा करतात त्याला क्यूब. हे मी एका डेअरीच्या मालकांना, आप्पांना, पहिल्यांदा समजावून सांगत होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी खरवसाचं ताट. सुरी उभी घाला न्हाईतर आडवी, वडी निघतीच." तेव्हापासून मी सगळ्यांना खरवसच सांगते.

गिऱ्हाइकं एकेक अशी भेटतात की विचारू नका. इथल्याच एका बिल्डरला रिपोर्टमध्ये लाल रंग चालायचा नाही. तोटा दाखवा, पण हिरव्यात दाखवा म्हणायचे. हिंजवडीतल्या एका साहेबांना सगळंच एका पानावर हवं होतं. इतके रकाने झाले की प्रिंट काढून कॉन्फरन्स रूमच्या जमिनीवर कागद जोडून अंथरले आणि साहेब बूट काढून त्यावर रांगत आकडे वाचत होते. मुळशीला धरणाकाठी एक रिसॉर्टवाले आहेत. महिनाभर खपून मी त्यांना सुंदर रिपोर्ट करून दिला. त्यांनी तो उलटा धरला, सुलटा धरला आणि मलाच विचारलं, "म्हंजे बरं चाललंय का वाईट, तेवढं तोंडानं सांगा की." मी सांगितलं. त्यावर त्यांनी मला मासे खाऊ घातले आणि रिपोर्ट काचेखाली ठेवून दिला.

असे किस्से पुष्कळ आहेत, पण मला जे लिहायचं आहे ते आप्पांच्या डेअरीचं. नावं बदलली आहेत आणि जिथे हे घडलं त्या गावाचं नाव मुद्दाम देत नाही.

आप्पा मूळचे शेजारच्या नांदे गावचे. जिथे त्यांची भाताची खाचरं होती तिथे आता टॉवर उभे आहेत. जमीन गेल्यावर त्यांच्या भावांनी गाड्या घेतल्या, आप्पांनी डेअरी टाकली. तालुक्यात ठिकठिकाणी त्यांची दूध संकलन केंद्रं आहेत. सकाळ-संध्याकाळ शेतकरी तिथे दूध घालतात, केंद्रचालक ते मापून, तपासून घेतो, मोठ्या स्टीलच्या कूलरमध्ये गार करून ठेवतो, आणि टँकर येऊन ते प्लँटवर नेतो. केंद्रावर घेतलेलं दूध आणि प्लँटवर पोचलेलं चांगलं दूध यांत फरक पडतो. थोडं सांडतं, थोडं नासतं. त्याला डेअरीत घट म्हणतात. घट कमी तो केंद्रचालक चांगला, असा साधा हिशोब.

हिंजवडीत मी नोकरीला होते ती कंपनी बंद झाल्यावर मी घरूनच कामं घेत होते, तेव्हा आप्पांनी मला बोलावलं. त्यांच्याकडे आधी कुणीतरी करून दिलेला एक क्यूब होता, त्यावरून नवे रिपोर्ट करून हवे होते. डेअरीचे नवे मॅनेजर जाधव नगरकडचे, सहाएक महिन्यांपूर्वी आलेले, कामाला वाघ. त्यांनी सगळ्या केंद्रचालकांची घटीप्रमाणे क्रमवारी काढली होती. गेल्या काही वर्षांची मिळून. तळाला नाव होतं सुनंदाताईंचं, धरणाच्या पल्याडच्या केंद्राचं. आणि तळाला म्हणजे कसं, तर बाकी सगळे एकमेकांच्या आसपास आणि ही बाई पार लांब खाली.

"हिला काढावी लागतीय," आप्पा म्हणाले. "जिवावर आलंय माझ्या. पण आकडाच तसा हाय, काय करू? सोमवारच्या मीटिंगला सगळे केंद्रवाले येणार हायेत. तवा ही क्रमवारी पडद्यावर दाखवायची आन् तितंच सांगून टाकायचं. तुमी जरा नीट, देखणी करून द्या."

माझी एक खोड आहे. आकडा जिथे जन्माला येतो ती जागा बघितल्याशिवाय मी रिपोर्टला हात लावत नाही. हिंजवडीत यावरून माझी चेष्टा व्हायची. टायरच्या कंपनीचं काम आलं की मी टायर बघायला जायचे. तर मी आप्पांना म्हटलं, त्या केंद्रावर जाऊन येते. जाधव म्हणाले, "मॅडम, डेटा आहे की सगळा, तिकडे जाऊन काय बघणार?" मी म्हटलं, "दूध बघणार." आप्पा हसले.

सकाळी सूसहून निघाले ती पौडमार्गे धरणाला वळसा घालत पोचले. पत्र्याची शेड, पुढे ओटा, ओट्यावर किटल्या घेऊन उभी असलेली माणसं. आत सुनंदाताई. पस्तिशीच्या असतील. पदर खोचलेला, एक हात मापावर, एक मशिनवर. प्रत्येकाच्या दुधाचा थेंब आधी स्वतः हातावर घेऊन वास घ्यायच्या, मग मशिनला लावायच्या. एका म्हाताऱ्याचं दूध त्यांनी परत केलं. "बाबा, किटली घासली न्हाई. उद्या घासून आणा, आजचं घरी ताक करा." म्हातारा कुरकुरला, पण गेला. कूलरची सुई बघायला त्या दर थोड्या वेळाने उठत होत्या. मी तासभर बसून होते आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, या बाईची घट सगळ्यांत जास्त कशी?

रांग संपत आली तशी मी ओट्यावर बसलेल्या एका शेतकऱ्याला सहज विचारलं, "कसं चालवतात ताई केंद्र?"

"झकास. आवंदा आमचं थेंबभर दूध नासलं न्हाई."

"आणि मागं नासायचं?"

"मागं दत्तूभाऊ होता ना. ताईचा मालक. तो गेल्यावर ताई बसली हितं, गेल्या दिवाळीपासनं. त्याच्या टायमाला दरड पडली तवा नासलं व्हतं मोप."

गेल्या दिवाळीपासून! रिपोर्टमध्ये तर या बाईच्या नावापुढे कितीतरी वर्षांची घट होती.

काय झालं होतं ते मला तिथे ओट्यावरच कळलं. आमच्या कामात हा घोळ जुना आहे. बाजू बदलत नाहीत असं आपण धरून चालतो, पण त्या हळूहळू बदलतात. माणसाची बदली होते, गाव दुसऱ्या विभागात जातं, केंद्रावर नवा माणूस येतो. अशा वेळी दोन रस्ते असतात. एक, जुनं नाव पुसून त्या जागी नवं लिहायचं. दुसरा, जुन्या नावापुढे 'इथपर्यंत' अशी तारीख घालायची आणि नवं नाव 'इथपासून' म्हणून खाली लिहायचं. पहिला सोपा, एका मिनिटाचा. पण त्याने होतं काय, की त्या केंद्राचा सगळा मागचा इतिहास नव्या माणसाच्या नावावर चढतो. कॉम्प्युटरला काय कळणार? त्याला सांगितलेलं असतं की हे केंद्र सुनंदाचं, म्हणजे ते पहिल्यापासून सुनंदाचंच. जाधव नवे, त्यांना माहीत नाही. आप्पांना बाई कधीपासून बसते ते पक्कं माहीत होतं, पण नावापुढे आकडा दिसला की तो त्याच माणसाचा, असं कुणीही धरतं. मीही धरलंच असतं.

मला हायसं वाटलं. खरं सांगते, आनंद झाला. एका बाईची नोकरी वाचवायला माझं काम उपयोगी पडणार, असे योग आमच्या धंद्यात कुठले? रांग संपल्यावर मी उत्साहाने आत गेले आणि सुनंदाताईंना सगळं सांगितलं. म्हटलं, "ही घट तुमची नाहीच. तुमच्या यजमानांच्या वेळची आहे. सोमवारी मी सरळ दाखवते, तुम्ही पहिल्या नंबरात याल."

त्या कूलरचं झाकण पुसत होत्या. पुसणं थांबलं नाही.

"मला ठाव हाय मॅडम," त्या म्हणाल्या. "जाधव सायबांनी फोनवर घट वाचून दावली तवाच वळखलं मी, कवाची हाय ते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माझं न्हाई, ह्यांचं हाय म्हनू?" त्यांनी फडकं पिळलं. "गेलेल्या माणसाच्या नावावर नासकं दूध चढवू व्हय मी? सगळ्या केंद्रवाल्यांम्होरं, पडद्यावर? राहू द्या. माझ्याच नावावर राहू द्या."

"अहो, पण तुम्हाला काढतायत!"

"काढू द्यात. रिसॉर्टवर भांडी घासायला बाया लागत्यात. पोरगी पौडला बारावीला हाय, तिचं होईल तवर. ह्यांनी पंधरा-सोळा वर्षं हितं घातली. गावात कुणी त्यांना वाकडा शबुद बोलत न्हाई. तेवढंच मागं राहिलंय आमच्याकडं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. कुणावर ते मला तेव्हा कळलं नाही, आजही नीट सांगता येत नाही. मी जरा आवाज चढवूनच बोलले. "सुनंदाताई, मला खोटा रिपोर्ट देता येणार नाही. हे आता मला कळलंय. मी ते पोटात ठेवून सोमवारी पडद्यावर तुमचं नाव तळाला दाखवू शकत नाही."

"मग अर्धाच खरा सांगनार का तुमी? ह्यांनी दूध नासवलं, एवढंच?"

त्यांचा प्रश्न माझ्या धंद्यातलाच होता. नाव बदललं की बाईवरचा आळ जाणार आणि तसाच्या तसा दत्तूवर बसणार. तो आता काही बोलू शकत नव्हता. मी ओट्यावर खाली बसले आणि म्हटलं, "मग पूर्ण सांगा. काय झालं होतं?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. दत्तू गेला त्याच्या आदल्या वर्षी पावसाळ्यात दरड कोसळली आणि रस्ता बंद झाला. टँकर अलीकडूनच परत जायचा. बाकीच्या केंद्रांनी अशा वेळी दूध घेणं बंद ठेवलं. दत्तूने ठेवलं नाही. लोक भिजत किटल्या घेऊन यायचे, त्यांना परत कसं पाठवायचं, म्हणून तो मापून घ्यायचा आणि रीतसर नोंद करायचा. लाईट नव्हती. जनरेटरचं डिझेल संपलं. दूध कूलरमध्ये उभं राहून नासलं. रस्ता सुरू होईपर्यंत हेच चाललं. "आप्पांना म्हाईत व्हतं," सुनंदाताई म्हणाल्या. "तवा आप्पा रागावले न्हाईत. दत्तू, लोकांचं दूध परत पाठवलं न्हाईस ते बेस केलंस म्हनाले."

म्हणजे एकेकाळी ज्याबद्दल शाबासकी मिळाली होती तेच आता रिपोर्टमध्ये घट होऊन बसलं होतं.

मी परत आले आणि कामाला बसले. नावाच्या बाजूला तारखा घातल्या: दत्तात्रय इथपर्यंत, सुनंदा इथपासून. मग क्यूबला एक नवी बाजू जोडली. तिचं नाव ठेवलं 'रस्ता', आणि तिच्यात दोनच गोष्टी, चालू आणि बंद. ही माहिती दूध मापणाऱ्या मशिनमध्ये नव्हती, ती टँकरच्या ट्रॅकरमध्ये होती. कुठल्या दिवशी गाडी केंद्रापर्यंत गेली आणि कुठल्या दिवशी अर्ध्यातून वळली ते त्यात स्पष्ट दिसत होतं. दोन्ही जोडलं आणि सुरी फिरवली. दत्तूची बहुतेक सगळी घट 'रस्ता बंद'च्या रकान्यात जाऊन पडली. 'रस्ता चालू'च्या रकान्यात वर्षानुवर्षं त्याचं काम इतकं स्वच्छ होतं की तालुक्यातलं दुसरं एकही केंद्र त्याच्या जवळ येत नव्हतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आकडे बघून रडणारी बाई म्हणून नवऱ्याने चेष्टा केली, त्यालाही मी दोन शब्द सुनावले.

बहुतेक सगळी म्हटलं. सगळी नाही. दत्तूच्या अगदी शेवटच्या काही महिन्यांत, रस्ता नीट चालू, टँकर रोजच्या रोज जातोय, तरी घट होती. फार नाही, पण होती. मी तो तुकडा सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला. ऋतू, गाय-म्हैस, सकाळ-संध्याकाळ, लाईट जाण्याच्या वेळा. तेवढंच कळलं की सगळी घट सकाळच्या दुधाची आहे. त्यापलीकडे काही हाती लागेना. असे तुकडे राहतात. ते गिळून टाकायची सोय आमच्याकडे असते. 'इतर' नावाचा एक रकाना करायचा आणि नको ते त्यात ढकलायचं. माझा हात तिकडे गेला होता, लपवत नाही. पण मग जुन्या रिपोर्टमध्ये आणि माझ्या रिपोर्टमध्ये फरक तो काय राहिला? मी तो तसाच ठेवला.

रविवारी आप्पांकडे गेले. त्यांना म्हटलं, दत्तूचं नाव पुसलं गेलं होतं, ते मी परत आणलंय. त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"पुसाया मीच सांगितलं व्हतं," ते म्हणाले. "तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला. त्यात त्याचं नाव. तिसऱ्या दिवशी परत. रोज चहा घेताना त्याचं नाव डोळ्याम्होरं. मला सोसंना. म्हटलं, काढा ते आन् तिचं घाला. माया होती म्हणून काढलं हो मॅडम."

त्या माणसाने दुःखाने एक नाव काढायला सांगितलं होतं आणि ज्याने काढलं त्याने सांगितलं तेवढंच केलं होतं. वाईट कुणीच वागलं नव्हतं. आणि त्यातून त्या बाईवर पाळी आली होती भांडी घासायची. रागवायलाही कुणी सापडेना, याचाच मला जास्त राग आला.

सोमवारी नांद्याच्या ऑफिसात मीटिंग झाली. सगळे केंद्रचालक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, पुढे आप्पा, बाजूला जाधव. सुनंदाताई शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना मी आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतं की पूर्ण दाखवणार आहे, अर्धं नाही. त्या फक्त "बरं" म्हणाल्या होत्या. मला वाटलं होतं, त्या येणारच नाहीत.

मी पडद्यावर आधी सुनंदाताईंचं वर्ष दाखवलं. घट जवळजवळ नाहीच. जाधवांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि उठून सगळ्यांसमोर म्हणाले, "ताई, यादी मी काढली होती. माझं चुकलं." हे मला आवडलं. किती साहेब असं उभं राहून बोलतात?

मग मी दत्तूचं नाव आणलं. मोठ्या अक्षरात, दत्तात्रय, आणि खाली त्याची सगळी वर्षं. खोलीत कुजबूज झाली. कुणीतरी म्हणालं, "आरं, दत्तूभाऊ." रस्ता चालू असतानाचं त्याचं काम दाखवलं, मग रस्ता बंद असतानाचं. ज्यांनी त्या पावसाळ्यात आपलं केंद्र बंद ठेवलं होतं त्यांतले दोघं-तिघं खाली बघू लागले. आप्पांचे डोळे भरून आले होते, त्यांनी ते पुसलेही नाहीत. मी मागे बघितलं. सुनंदाताई भिंतीपासून सरळ होऊन बसल्या होत्या आणि टक लावून त्या नावाकडे बघत होत्या.

मी पुढे सरकणार होते. तेवढ्यात आप्पांनी बोट दाखवलं. "आन् हे काय मॅडम? ह्या टोकाचं? हितं तर रस्ता चालू हाय. टँकर बी गेलाय."

"ते मला माहीत नाही आप्पा," मी म्हटलं. "घट सकाळच्या दुधाची आहे, एवढंच कळतं. कारण माझ्या आकड्यांत नाही."

वाटलं, झालं, मीच त्या माणसाला चारचौघांत आणून उभं केलं.

मागून आवाज आला. सुनंदाताई उभ्या राहिल्या होत्या.

"मी सांगते. आजारी होते ते. कुणाला कळू दिलं न्हाई, तुमाला बी न्हाई. पहाटं उठाया जायचे आन् परत खाली बसायचे. मला म्हनायचे, जाईन जरा वेळानं. दूध मी मापून घ्यायची, पन मला कूलर चालू कराया येत नव्हता तवा. ते उठेपत्तूर दूध उभंच राहायचं. मी म्हनायची, आप्पांना सांगा, दुसरा माणूस देतील. तर म्हनायचे, केंद्र काढून घेतील. म्हनून न्हाई सांगितलं." त्यांनी पुढच्या खुर्चीची पाठ धरली, पण त्या बसल्या नाहीत. "तेवढं दूध खरंच त्यांच्यामुळं नासलंय आप्पा."

आप्पांनी मान खाली घातली. मग माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "मॅडम, तेवढं काढून टाका. तेवढ्यानं काय हुतंय? माणूस आजारी व्हता."

मी सुनंदाताईंकडे बघितलं. चार दिवसांपूर्वी हीच बाई मला म्हणाली होती, माझ्या नावावर राहू द्या. माझा हात माऊसवर होता आणि मला त्या क्षणी खरोखर कळेना की काय करावं. आप्पा मालक होते. रिपोर्ट त्यांचा होता.

"काढू नका," सुनंदाताई म्हणाल्या.

"अगं पोरी, त्याच्या भल्यासाठीच म्हनतोय मी."

"म्हाईत हाय. मागच्या बारीला बी भल्यासाठीच काढलं व्हतं तुमी. वरीसभर ह्या हापिसात ते कधी नव्हतेच असं झालं. त्यांचं चांगलं बी गेलं त्याच्यासंगट." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "आता आलेत तर आख्खे राहू द्या. नासलेल्या दुधासकट."

आप्पांनी पडद्यावरचं नाव एकदा वाचलं. मग त्यांनी होकारार्थी मान हलवली, आणि मी माऊसवरचा हात काढून घेतला.